गोळी डावीकडे, शोध उजवीकडे

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात चार्ल्स गिटोने अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. एक पाठीत घुसली, तरीही ते ७९ दिवस जगले. माझ्या मते त्यांचा जीव गोळीइतकाच, किंबहुना जास्तच, उपचारांनी घेतला. डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि सळया जखमेत वारंवार खुपसल्या. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल धातुशोधक यंत्र घेऊन आले, पण मुख्य डॉक्टर ब्लिस यांनी त्यांना उजवी बाजूच तपासू दिली. त्यात गादीखालच्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राला चकवले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे, स्वादुपिंडामागे, ऊतींच्या वेष्टनात बंदिस्त सापडली. उजवीकडे मात्र जखमेपासून जांघेपर्यंत पुवाची लांब वाट तयार झाली होती. डॉक्टर तिलाच गोळीचा मार्ग समजत होते!

कोणी म्हणेल, मृत्यू प्लीहेची धमनी फुटून झाला आणि तिला इजा गोळीनेच केली होती. हे खरे आहे. पण जिथे गोळी गेलीच नाही तिथला पू आणि खंगत गेलेले शरीर यांचा हिशेब त्याने लागत नाही. तेव्हा जंतूंविषयी कोणाला ठाऊक होते, हा बचावही अपुरा आहे. जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत १८६७ मध्येच प्रसिद्ध केली होती आणि १८७६ मध्ये फिलाडेल्फियात येऊन ती अमेरिकी डॉक्टरांना समजावलीही होती.