मूल आवरेना, तेव्हा सोबतीला कोण? (लेखांक 6)

मागच्या लेखांकात हट्टीपणा कुठे संपतो आणि उपचाराची गरज कुठे सुरू होते, ते पाहिलं. आज प्रश्न मोठ्यांचा आहे. नऊ-दहा वर्षांचं मूल रोज वस्तू फोडतं, धाकट्या भावंडाला मारतं, शाळेतून सारखे फोन येतात. अशा घराला आधार कुठे मिळतो?

नागपूरच्या मिहान प्रकल्पाच्या परिसरात हा प्रश्न जास्त बोचतो. खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, शिवणगाव या गावांच्या जमिनींवर हा प्रकल्प उभा राहिला आणि त्यात जुने शेजार विस्कटले. आता तिथे टीसीएस, एचसीएल, इन्फोसिसची कार्यालयं आहेत आणि परगावाहून आलेली, पाळ्यांमध्ये राबणारी जोडपी आसपासच्या इमारतींत राहतात. जुन्यांचा शेजार तुटला, नव्यांचा अजून जुळायचाय. मूल घर पालथं घालतं तेव्हा दोन्हीकडची आई एकटीच असते. वर लोक म्हणायला मोकळे, ‘पोट्ट्याला वळणच नाही लावलं.’

हा ठपका अन्यायाचा आहे. मुलाचा स्वभाव, मेंदूच्या वाढीतल्या अडचणी, शिकण्यातला अडथळा, कमी ऐकू येणं, झोप, घरातली भांडणं, कुणी केलेला अत्याचार, अशी कितीतरी कारणं एकात एक गुंतलेली असतात. आधी शांत असलेलं मूल अचानक बदललं, तर शिस्तीच्या गोष्टी बाजूला ठेवून त्याच्यावर काही बेतलं आहे का, हे आधी विचारावं.

तरीही घरात एक चक्र फिरू लागतं, ते समजून घ्यायलाच हवं. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जेरल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने कितीतरी कुटुंबांचं निरीक्षण करून ते 1982च्या पुस्तकात मांडलं. आई मोबाइल बंद करायला सांगते, मूल ओरडतं. आई आवाज चढवते, मूल ताट भिरकावतं. थकून आई म्हणते, ‘घे बाबा.’ क्षणात शांतता. मुलाला मोबाइल मिळाला, आईला सुटका मिळाली. म्हणजे बक्षीस दोघांनाही मिळालं! पुढच्या वेळी मूल थेट ताटापासूनच सुरुवात करतं.

हे चक्र तोडायला पालकांना शिकवावं लागतं. मोजक्या आणि स्पष्ट सूचना, चांगलं वागल्यावर लगेच कौतुक, ठरलेले छोटे परिणाम, मारहाण अजिबात नाही. पालकांचं हे प्रशिक्षण लहान मुलांच्या आक्रमक वागण्यावरच्या उपचाराचा कणा आहे. पण यात एक अवघड वळण असतं, ते पालकांना आधीच सांगायला हवं. नेहमीचा विजय मिळेनासा झाला, की मूल सुरुवातीला आणखी जोरात उसळतं. नेमक्या त्याच दिवसांत आजी कळवळून म्हणते, ‘देऊन टाक गं, लेकराला किती रडवशील?’ आणि सगळं पुन्हा पहिल्यावर येतं.

म्हणून आधार म्हणजे नुसते धीराचे शब्द नव्हेत. मूल उसळतं त्या अर्ध्या तासात आजीने मध्ये न पडणं हा आधार आहे. बाबांनी रात्रपाळीला जाण्याआधी तोच नियम त्याच शब्दांत पाळणं, शेजारच्या काकूंनी धाकटीला आपल्या घरी नेऊन बसवणं, हाही आधार आहे. मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल तर सुऱ्या, औषधं, फवारणीची विषं कुलपात जायलाच हवीत. हेही आईने एकटीने का करावं?

दारं ठोठावायची तर मिहानमध्येच एम्स आहे. 2018मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू झालेल्या या संस्थेचं लोकार्पण 11 डिसेंबर 2022 रोजी झालं. तिथे बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. शहरात मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. जाताना आठवड्याभराची एक वही न्यावी: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. डॉक्टरांना ‘फार त्रास देतो’ यापेक्षा ही वही खूप काही सांगते. रात्री-अपरात्री धीर सुटला तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलावर अत्याचाराची शंका असेल तर मुलांसाठीची मदतवाहिनी 1098.

सारखंच सोसणाऱ्यांची सोबत ही आणखी वेगळी गोष्ट. पुण्यात 1986मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला, कारण उपचार घेणाऱ्याइतकंच त्याच्या घरचं माणूसही झिजतं. अशा मुलांच्या पालकांचं बसणं मिहानमधल्या एखाद्या सोसायटीच्या सभागृहात का होऊ नये? महिन्यातून एकदा चार-पाच घरं जमली तरी पुरे. अट एकच, की तिथलं बोलणं बाहेर जाणार नाही.

आता शाळा. ‘दाखला घेऊन जा’ हे वाक्य पालकांना सर्वांत जास्त हादरवतं. शिक्षण हक्क कायदा, 2009च्या कलम 16नुसार आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईतो मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम 17नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे. ही कलमं भांडणासाठी नव्हे, तर वर्गशिक्षिकेसमोर शांतपणे बसता यावं म्हणून माहीत असावीत. त्या भेटीत काय मागायचं आणि शिक्षिकेला आपल्या बाजूने काय द्यायचं, ते पुढच्या लेखांकात सविस्तर पाहू.