आठ कोटी आकडे आणि एक शून्य

हृदयाच्या आवरणाला लागून पाण्याची गाठ होण्याचं प्रमाण अंदाजे लाखात एक. जगाच्या ८०० कोटी वस्तीला हा हिशेब लावला तर अशी माणसं निघतील ८० हजार. अहमदाबादच्या १,३२,००० आसनांच्या क्रिकेट स्टेडियममध्ये ती सगळी बसवली तरी पन्नास हजारांवर खुर्च्या रिकाम्याच!

या गाठीला डॉक्टर पेरिकार्डियल सिस्ट म्हणतात. बहुतेकदा ती जन्मजात असते. शेजारी हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देत असतं, तरी निम्म्याहून अधिक जणांना तिचा पत्ताही नसतो. भलत्याच कारणासाठी छातीचा एक्स-रे काढला की हृदयाच्या कडेला गोल सावली दिसते. शंभरातल्या सत्तर जणांत उजवीकडे, हृदय आणि श्वासपटल यांच्यामधल्या कोपऱ्यात. पण सावली पाण्याची, चरबीची की कर्करोगाची, हे एक्स-रे सांगत नाही.

तिथे सीटी स्कॅन लागतो. १९७१ साली लंडनमध्ये रुग्णाचा पहिला सीटी झाला, तेव्हा एका चित्रात ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० ठिपके होते. आज एका छेदात २,६२,१४४ असतात. छातीचे तीनशे छेद धरले तर ७,८६,४३,२०० ठिपके, आणि प्रत्येकाला घनतेचा एक आकडा. हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास, पाणी शून्य, स्नायू साधारण ५०, कठीण हाड हजाराच्या घरात. गाठीतला आकडा शून्य ते वीसमध्ये आला की आत पाणी आहे, हे जवळपास ठरलं.

कधी आतला द्रव दाट असतो, आकडा वर चढतो आणि गाठ भरीव वाटते. मग एमआरआय. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट बलवान. त्यात पाण्यातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रकं सेकंदाला ६.४ कोटी गिरक्या घेतात. एमआरआयच्या ‘टी-टू’ प्रकारच्या चित्रात पाणी पांढरंशुभ्र उजळतं. शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठावदार करणारं औषध, मात्र गाठीत शिरत नाही.

एवढ्या कोटींच्या उलाढालीनंतर सल्ला बहुधा एकच: काही करू नका, अधूनमधून तपासत राहा. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा गाठ वाढत असेल, तरच सुई किंवा शस्त्रक्रियेचा विचार होतो. तेव्हा रिपोर्टमध्ये ‘सिस्ट’ शब्द दिसला तर घाबरण्याआधी डॉक्टरांना विचारा: आतला आकडा किती?