तीन तारांचा हिशेब

अमेरिकेतील यादवी युद्धाचा खर्च भागविण्यासाठी तेथील सरकारने 1862 साली जे अंतर्गत कर बसविले त्यांत सिगारवरील कराचाही समावेश होता. आणि हा कर चुकविला जाऊ नये म्हणून पुढील काही वर्षांत असा दंडक घालण्यात आला की, सिगार सुटे न विकता ठराविक संख्येने पेटीत भरावेत आणि पेटीवर महसुलाचे तिकीट चिकटवूनच ते बाजारात आणावेत. तिकीट फाडून एकदा उघडलेली पेटी पुन्हा सिगारांसाठी वापरू नये, अशी ताकीदही पेटीवर छापलेली असे. अशा रीतीने महसूल खात्याच्या हुकुमाने देशभर एक असा जिन्नस निर्माण झाला की जो पातळ, हलक्या, वाळलेल्या लाकडाचा होता, घरोघरी पडून होता आणि त्याच्या मूळ कामाला कायद्यानेच निरुपयोगी ठरलेला होता. एखाद्या कारकुनी फर्मानातून लोकसंगीताला ध्वनिपेटी मिळावी, असा योग इतिहासात क्वचितच आला असेल.

ह्या पेट्यांची पुढे वाद्ये झाली. युद्धभूमीवरील प्रसंगांची चित्रे काढणारे एडविन फोर्ब्स ह्यांनी 1876 साली प्रसिद्ध केलेल्या एका कोरीव चित्रात छावणीतील शिपाई सिगारच्या पेटीचे सारंगीवजा वाद्य वाजविताना दिसतो. अमेरिकेतील बालवीर चळवळीचे एक संस्थापक डॅनियल कार्टर बिअर्ड ह्यांनी 1880 नंतरच्या दशकात अशा पेटीचा बँजो करण्याची कृती मुलांसाठी लिहिली. टेक्ससचा ब्लूज गायक लाइटनिन हॉपकिन्स ह्याने बालपणी पेटीला फळी ठोकून जे वाद्य केले त्याच्या तारा जाळीच्या दारातून उपटलेल्या होत्या. गेल्या काही दशकांत ह्या वाद्याचे तीन तारांचे रूप पुन्हा लोकप्रिय झाले असून, सुतारकामाची जुजबी हत्यारे असलेला कोणीही गृहस्थ दोन-तीन सुट्यांच्या दिवसांत ते सिद्ध करू शकतो. पेटीच्या लाकडाविषयी जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. उत्तम सिगारपेट्या ज्या लाकडाच्या होत त्याला व्यापारात स्पॅनिश सिडार म्हणतात, आणि मिरजेचे कारागीर ज्या तुणीच्या लाकडातून तंबोऱ्याची दांडी घडवितात तो वृक्ष ह्याच कुळातील त्याचा निकटचा नातलग आहे; वनस्पतिशास्त्रज्ञ एके काळी ह्या दोन्ही वृक्षांना एकाच प्रजातीत गणत असत.

परंतु पेटी, दांडी, खुंट्या ह्यांची सर्व तजवीज झाल्यावर, अगदी शेवटी, जवळच्या दुकानात मिळतील त्या तीन तारा आणून चढवावयाच्या, ही जी सर्वत्र आढळणारी रीत आहे, ती मला उलटी वाटते. वाद्य कोणत्या सुरात लावावयाचे आणि त्यासाठी कोणत्या तारा घ्यावयाच्या, हे ठरल्यावाचून दांडीला करवत लावणे म्हणजे पायाचे माप न घेता जोडा शिवण्यासारखे आहे. कारण कंप पावणाऱ्या तारेची लांबी, तिचे वजन, तिच्यावरील ताण आणि तिचा सूर ह्या चार गोष्टी अशा काही बांधलेल्या आहेत की, त्यांतील कोणत्याही तीन ठरल्या म्हणजे चौथी निवडण्याचे स्वातंत्र्य आपणाजवळ उरतच नाही. मारँ मेर्सेन ह्या फ्रेंच धर्मोपदेशकाने 1636 साली हा संबंध नियमबद्ध करून मांडला. तार निम्मी केली तर सूर एक सप्तक चढतो; ताण चौपट केला तरीही एकच सप्तक चढतो; आणि लांबी व ताण तेच ठेवून एकाच धातूची दुप्पट जाडीची तार घेतली, तर सूर एक सप्तक उतरतो.

व्यवहारात ह्या नियमाचा जो भाग अधिक जाणवतो तो ताणाचा. सूर एका पूर्ण स्वराने, म्हणजे दोन अर्धस्वरांनी, चढविला तर ताण जवळजवळ सव्वीस टक्क्यांनी वाढतो. तितकाच उतरविला तर सुमारे एकवीस टक्क्यांनी घटतो. कानाला जो फरक अल्प भासतो तो लाकडाला अल्प नसतो. गिटारच्या हलक्या संचातील सहा तारांची जाडी इंचाच्या सहस्रांशांत सांगतात, ती पहिलीपासून सहावीपर्यंत 12, 16, 24, 32, 42 आणि 53 अशी असते, आणि नेहमीच्या सुरात लावल्यावर त्या सहाही तारा मिळून दांडीला सुमारे पंचाहत्तर किलोंच्या भाराने ओढतात. दुकानच्या गिटारच्या दांडीत हा भार पेलण्यासाठी लोखंडी सळई घातलेली असते. आपली दांडी मात्र बहुधा दीड इंच रुंद आणि पाऊण इंच जाड अशी साधी पट्टी असते. तिला वाकण्यापासून वाचविणारे तिच्या स्वतःच्या रेषांवाचून दुसरे काही नाही. तीन तारांचे वाद्य घरगुती कारागिराला साधते त्याचे खरे कारण हेच की, भार निम्म्यावर येतो. म्हणूनच दांडी पेटीतून आरपार नेऊन तारांची टोके तिच्याच मागच्या टोकाला अडकवावीत. मग सारा ताण दांडीच सोसते आणि पेटीच्या पातळ झाकणावर घोडीचा खाली दाबणारा भार तेवढा येतो.

आता सुरांकडे वळू. ह्या वाद्यावर सर्वाधिक रूढ असलेली जुळणी म्हणजे जी-डी-जी. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर खालचा षड्ज, त्यावरील पंचम आणि वरचा षड्ज. तंबोरा ऐकत वाढलेल्या कानाला हिचा परिचय करून देण्याची गरज नाही. हीत गांधार नाही, हेच हिचे सामर्थ्य. पाश्चात्त्य स्वरसंगतीत गांधार शुद्ध की कोमल ह्यावरून प्रसन्नता किंवा विषण्णता ठरते. गांधारच गाळला की उघड्या तारा कोणत्याही गीताखाली निःशंकपणे वाजू शकतात, आणि काचेची अथवा धातूची नळी तिन्ही तारांवर आडवी ठेवून हवी तेथे सरकविली तरी प्रत्येक जागी तीच निर्दोष संगती मिळते. जी-बी-डी अशी गांधारयुक्त जुळणीही काही जण पसंत करतात. ती प्रथमदर्शनी मधुर वाटते खरी, पण प्रत्येक जागी शुद्ध गांधारच हात धरून येऊ लागल्यावर ब्लूजच्या त्या मधल्या, धड शुद्ध नव्हे धड कोमल नव्हे अशा स्वराला जागाच राहत नाही, आणि माझ्या मते ह्या वाद्याचा आत्मा नेमका त्याच स्वरात आहे.

जी-डी-जीसाठी तारा कोणत्या? वर सांगितलेल्या संचातील पाचवी, चौथी आणि तिसरी. गिटारवर त्या अनुक्रमे ए, डी आणि जी ह्या सुरांत लागतात; म्हणजे चौथी व तिसरी आपापल्या स्वाभाविक सुरातच राहतात आणि पाचवी तेवढी एका स्वराने उतरवावयाची. तारांची मोकळी लांबी 25 इंच धरली तर पाचवीवर सुमारे साडेदहा किलो आणि उरलेल्या दोहोंवर प्रत्येकी तेरा किलोंच्या आसपास ताण येतो, म्हणजे एकंदर भार सदतीस किलोंच्या घरात राहतो. ज्याला अधिक खर्जातला आवाज हवा त्याने सहावी, पाचवी, चौथी ह्या तारा घेऊन डी-ए-डी लावावे; तेथेही जाड तारच एका स्वराने उतरते. ए-ई-ए हवे असल्यास मात्र सावध राहिले पाहिजे, कारण त्यासाठी डी व जीच्या तारा प्रत्येकी एक स्वर चढवाव्या लागतात आणि त्यांचा ताण तेराचा साडेसोळा किलो होतो. त्यापेक्षा जी-डी-जीच ठेवून दुसऱ्या पडद्यावर कॅपोचा चिमटा लावणे शहाणपणाचे. लांबी कमी करणे हाही एक उपाय आहे. 25 इंचांऐवजी 23 इंच घेतले तर त्याच तारा त्याच सुरात पंधरा टक्के कमी ताणावर लागतात, मात्र मग त्या बोटाखाली थोड्या सैल लागतात.

संचातील उरलेल्या बारीक तारा वाया जाऊ नयेत म्हणून त्याच वरच्या सुरात ओढून चढविण्याचा मोह अनेकांना होतो, आणि पहिली तार तुटली की पुढच्या खेपेस ते अधिक जाड तार आणतात. ह्या उपायामागे भाबडा तर्क आहे. जाड तार अधिक ताण सोसते हे खरे, परंतु तोच सूर देण्यासाठी तिला अधिक ताणही लागतो; जाडी दुप्पट तर वजन चौपट, लागणारा ताण चौपट आणि छेदाचे क्षेत्रफळही चौपट, म्हणजे धातूच्या प्रत्येक कणावरचा जुलूम जिथल्या तिथेच. तात्पर्य, ठरलेल्या लांबीवर साधी पोलादी तार ज्या सुराला तुटावयाची त्याच सुमारास ती तुटते, मग ती बारीक असो वा जाड. 25 इंचांवर ही सीमा पहिल्या तारेच्या नेहमीच्या ई सुरापासून चार-पाच अर्धस्वरच दूर असते, म्हणून तिला जीपर्यंत नेणारा मनुष्य कड्याच्या टोकाशी उभा असतो. हॉपकिन्सच्या जाळीच्या तारेसारखी मऊ लोखंडी तार तर ह्याच्या कितीतरी आधी हार खाते. तिच्यासाठी सूर खाली ठेवावा किंवा लांबी कमी करावी, तिसरा मार्ग नाही.

खर्जासाठी नुसती जाड सळईसारखी तार का चालत नाही, तर ताठपणामुळे तिचे उपस्वर मूळ सुराशी जुळेनासे होतात आणि आवाज बोथट होतो. बारीक पोलादी गाभ्यावर दुसऱ्या धातूची तार गुंडाळली की वजन वाढते, ताठपणा वाढत नाही. ह्याच न्यायाने तिसरी तारही गुंडाळलेलीच घ्यावी. विजेच्या गिटारच्या संचात ती बहुधा साधी असते, आणि आपल्या वाद्याची घोडी म्हणजे बहुधा एक आडवा ठेवलेला बोल्ट असल्यामुळे साध्या जाड तारेला पडद्यावर दाबताच जो बेसूरपणा येतो तो निस्तरण्याची सोय तेथे नसते. गुंडाळणीचा धातू कोणता, हा प्रश्न मात्र आवाज विजेने वाढविण्यासाठी झाकणाखाली काय बसविले आहे ह्यावर अवलंबून आहे. पिझो चकती असेल तर ती झाकणाचा कंप टिपते, तिला धातूशी कर्तव्य नाही, आणि फॉस्फर ब्राँझच्या तारा तेथे खुलून वाजतात; परंतु चुंबकीय पिकअप असेल तर ब्राँझ त्याला जवळजवळ दिसतच नाही आणि निकेल गुंडाळलेल्या तारा घेणे प्राप्त होते.

घोडी चिकटवू नये. तिच्या जागेचा निर्णय तारा चढल्यावरच होतो. बाराव्या पडद्यावर बोट केवळ टेकवून मिळणारा उपस्वर आणि त्याच पडद्यावर दाबून मिळणारा स्वर ह्यांची तुलना करावी. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी मागे सरकवावी, उतरा असेल तर पुढे. जाड तारेला किंचित अधिक लांबी लागते, म्हणून घोडी अंमळ तिरपी बसते, आणि ती तशी बसली म्हणजे काम बरोबर झाले असे समजावे.

लावताना प्रथम खालचा जी आणावा. त्याच्या सातव्या पडद्यावर मधल्या तारेचा डी मिळतो, आणि मधल्या तारेच्या पाचव्या पडद्यावर वरचा जी. ह्याहून सूक्ष्म रीत हवी असल्यास जाड तारेचा सातव्या पडद्यावरील उपस्वर मधल्या तारेच्या बाराव्या पडद्यावरील उपस्वराशी मिळवावा. दोहोंच्या मीलनातील डोलणारी लहर मंदावत मंदावत नाहीशी झाली की पंचम शुद्ध लागला. सूर मोजणाऱ्या यंत्राच्या काट्याला हा पंचम तिळभर चढा वाटेल, कारण यंत्र समविभागी सप्तक मानते; नळीने वाजविणाऱ्याने तेथे कानाची बाजू घ्यावी. खुंटी फिरविताना सूर नेहमी खालून वर आणावा, कारण वरून खाली सोडलेल्या तारेचा दात्यांमधला ढिलेपणा पहिल्याच आघाताला बाहेर पडतो. तिन्ही तारा लागल्या की पुन्हा पहिलीकडे यावे. नंतरच्या दोहोंच्या ओढीने दांडी किंचित वाकलेली असते आणि पहिली उतरलेली असते. नव्या तारा हलक्या हाताने ओढून, पुन्हा लावून, पुन्हा ओढून घ्याव्यात, म्हणजे खुंटीवरील वेढे आवळून बसतात आणि एरवी दोन दिवस चालणारी कुरकुर तासाभरात मिटते.