सहलीतले जेवण आणि धाकटे भावंड



दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी लागली की अनेक कुटुंबे चार दिवस बाहेर पडतात. कोणी महाबळेश्वरला जाते, कोणी गणपतिपुळ्याला, तर कोणी वेरूळची लेणी पाहायला. दिवसभर हिंडून झाले की संध्याकाळी एकच प्रश्न उभा राहतो : जेवायचे कोठे? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हॉटेले असतात. वडील म्हणतात, "कोठेही चला." आई म्हणते, "स्वच्छ असेल तेथे चला." आणि दोन वर्षांचे धाकटे भावंड कडेवर भुकेने रडू लागलेले असते.

अशा वेळी निवड बहुधा पाटी, रोषणाई आणि भाव पाहून होते. या तिन्ही गोष्टींवरून जेवण निर्दोष आहे की नाही, हे कळत नाही. ते कळण्यासाठी वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात, आणि त्या कोणत्या हे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच दडलेले आहे. यंदाच्या सहलीत हॉटेल निवडण्याचे काम तुम्ही आपल्याकडे घ्या. मात्र त्याआधी थोडी तयारी करू या.

धाकट्याचा विचार आधी का?

एक साधे गणित करा. समजा, बाधलेल्या अन्नामुळे जुलाब आणि उलट्या होऊन शरीरातून अर्धा लिटर पाणी गेले. अर्धा लिटर पाण्याचे वजन अर्धा किलोग्रॅम. तुमच्या वडिलांचे वजन ६० किलो असेल, तर ही घट १ टक्क्यापेक्षाही कमी. ते दुसऱ्या दिवशी कुरकुरत का होईना, पण उठून बसतील. धाकट्याचे वजन १० किलो धरले, तर तेवढेच पाणी म्हणजे त्याच्या वजनाचे ५ टक्के झाले! इतके पाणी गेले की मूल मलूल होते, तोंड कोरडे पडते. ही घट १० टक्क्यांच्या आसपास गेली, तर जिवावर बेतू शकते. शिवाय लहान मुलाला आपली तहान सांगता येत नाही. म्हणून हॉटेल निवडताना घरातल्या सर्वांत लहान माणसाला सोसेल ते हॉटेल निवडावे. त्याला जे चालेल, ते बाकीच्यांना चालणारच.

वीस मिनिटांचा हिशेब

अन्न बिघडवणारे जिवाणू एकाचे दोन, दोनाचे चार अशा रीतीने वाढतात. ऊब, ओलावा आणि अन्न या तिन्ही गोष्टी मिळाल्या, तर त्यांतील काही जाती सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात. दुपारी दोन वाजता भाजीच्या पातेल्यात असे १,००० जिवाणू होते असे माना. संध्याकाळी सहा वाजेपर्यंत, म्हणजे चार तासांत, ते बारा वेळा दुप्पट होतील. आता गुणाकार करा. उत्तर येईल ४०,९६,०००! भाजीचा वास, रंग, चव यांत मात्र काहीही फरक पडलेला नसेल. "वास घेऊन पाहिला, चांगला आहे" या म्हणण्यावर विसंबून का राहता येत नाही, हे यावरून लक्षात येईल.

ही वाढ कोणत्याही तापमानाला होत नाही. साधारणपणे ५ अंश सेल्सिअसच्या खाली ती फार मंदावते आणि ६० अंशांच्या वर थांबते. या दोहोंमधला पट्टा धोक्याचा. आपल्याकडे खोलीचे तापमान बहुतेक वेळा २५ ते ३५ अंश असते; म्हणजे ओट्यावर नुसते झाकून ठेवलेले अन्न या पट्ट्याच्या ऐन मध्यावर असते.

यावरून पहिला नियम निघतो. मागितल्यावर समोर तयार होणारा आणि वाफाळत येणारा पदार्थ सर्वांत बरा. तव्यावरून उतरलेली भाकरी, नुकतीच निघालेली इडली, उकळी फुटलेले वरण हे सारे निर्धोक. उलट, मोठ्या परातीत कोमट होऊन बसलेल्या दहा भाज्या कितीही आकर्षक दिसोत, त्यांपासून दूर राहावे. गर्दीचे हॉटेल का चांगले म्हणतात, त्याचेही उत्तर येथेच आहे. जेथे माणसांची ये-जा सतत असते, तेथे पातेले भरल्याबरोबर रिकामे होते. अन्नाला धोक्याच्या पट्ट्यात रेंगाळायला वेळच मिळत नाही.

येथे कोणी हुशार विद्यार्थी विचारील, "महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. मग तेथे अन्न नीट निर्जंतुक होत असेल का?" शंका योग्य आहे. पण अन्न मधल्या भागापर्यंत ७० अंशांना पोचले, तरी रोग पसरवणारे बहुतेक जिवाणू मरतात. त्यामुळे ९५ अंश पुष्कळ झाले. डाळ शिजायला मात्र थोडा अधिक वेळ लागेल!

पुन्हा गरम केले की झाले?

दुपारचा भात रात्री फोडणी देऊन वाढला, तर तो गरमच असतो. मग त्यात वाईट काय? या प्रश्नाचे उत्तर १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये मिळाले. तेथील चिनी उपाहारगृहांत परतलेला भात खाल्ल्यावर लोकांना उलट्या होत. तपासात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू सापडला. हा जिवाणू मातीत असतो आणि तांदळाबरोबर स्वयंपाकघरात येतो. भात शिजताना जिवाणू मरतो, पण त्याचे बीजाणू टिकून राहतात. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला की बीजाणू रुजतात, जिवाणू वाढतात आणि भातात एक विष सोडतात. हे विष उकळूनही नाहीसे होत नाही. म्हणजे दुसऱ्यांदा गरम केल्यावर जिवाणू मरतील, विष मात्र राहील.

अशाच स्वभावाचा दुसरा जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकॉकस. तो कित्येक निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर असतो. हाताला जखम किंवा गळू असलेल्या आचाऱ्याकडून तो खव्यात, पनीरमध्ये, सायीच्या मिठाईत जातो. त्याचेही विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून धाकट्यासाठी भात मागवताना "गरम आहे का?" असे विचारू नका; "भात केव्हा लावला?" असे विचारा.

पाणी, बर्फ आणि चटणी

जे शिजत नाही, त्याची काळजी अधिक. कोशिंबीर, चिरलेला कांदा, हिरवी चटणी यांना विस्तवाचा स्पर्श होत नाही. ती ज्या पाण्याने धुतली, त्या पाण्याइतकीच शुद्ध असतात. केळे, संत्रे अशी सोलून खायची फळे उत्तम. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सोलता येत नाही, म्हणून ती पिण्याच्या वाहत्या पाण्याखाली चांगली धुऊनच मुलाच्या हाती द्यावी.

बर्फाविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. थंडीने जंतू मरतात, असे पुष्कळांना वाटते. बर्फात जंतूंची वाढ थांबते, पण त्यांतील कित्येक जिवंत राहतात आणि सरबतात बर्फ वितळला की पुन्हा मोकळे होतात. शिवाय मासे टिकवण्यासाठी केलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. तो सरबतात जाऊ नये, म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली अशा अखाद्य बर्फात निळा रंग घालण्यास सांगितले होते. धाकट्याला बर्फाविना पाणीच द्या. ते उकळून आणलेले किंवा बंद बाटलीतले असावे.

आणखी एक गोष्ट पाहा. वाढपी पाण्याचे चार पेले एकदम कसे आणतो? चार बोटे चार पेल्यांत बुडवून आणत असेल, तर पाणी कितीही शुद्ध असले तरी काय उपयोग?

मेरीची गोष्ट

बोटांना इतके महत्त्व का, हे मेरी मॅलन हिच्या गोष्टीवरून कळते. मूळची आयर्लंडची ही बाई न्यूयॉर्कमध्ये स्वयंपाकीण होती. १९०६ साली एका घरातील अकरा माणसांपैकी सहा जणांना विषमज्वर, म्हणजे टायफॉइड झाला. जॉर्ज सोपर या तज्ज्ञाने शोध घेतला, तेव्हा मेरी जेथे जेथे कामाला राहिली होती, त्यांतील बहुतेक घरांत हा आजार उद्भवल्याचे दिसले. मेरी स्वतः धडधाकट होती! तिच्या शरीरात जंतू होते, पण त्यांचा तिला काहीच त्रास नव्हता. तिने शिजवलेल्या गरम अन्नातले जंतू मरत असत. संशय गेला तो कच्चे पीच घालून केलेल्या आइस्क्रीमवर.

मेरीला १९०७ साली वेगळे ठेवण्यात आले आणि पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर १९१० साली सोडले. पण दुसऱ्या कामात पोट भरेना. १९१५ साली ती नाव बदलून एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना आढळली. तेथे पंचवीस जणांना विषमज्वर झाला होता. त्यानंतर १९३८ साली मृत्यू येईपर्यंत तिला एकांतातच राहावे लागले. मेरी दुष्ट नव्हती. न दिसणाऱ्या जंतूंवर तिचा विश्वास बसला नाही, इतकेच.

यातून आपण काय घ्यावे? आचारी निरोगी दिसतो, एवढ्यावर भागत नाही. हॉटेलात शिरल्यावर आधी हात धुण्याची जागा पाहा. तेथे साबण आहे का? नळाला पाणी आहे का? गिऱ्हाइकांसाठी साबण नसेल, तर आतल्या माणसांसाठी असेल अशी आशा थोडीच.

तिखट, गोंगाट आणि वेळ

जेवण निर्दोष असूनही मूल जेवत नाही, असेही होते. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य जिभेवरच्या, उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. म्हणून तोंड खरोखर भाजल्यासारखे वाटते. ही यंत्रणा १९९७ साली उलगडणाऱ्या डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी पिऊन आग शमत नाही. दुधातील प्रथिने मात्र त्याला धरून जिभेवरून दूर नेतात. धाकट्याने चुकून तिखट घास घेतला, तर दूध द्या किंवा दह्याचा चमचा भरवा.

फरशा, काचा आणि पत्र्याची टेबले यांवरून आवाज परततो, म्हणून भरलेल्या हॉटेलात कलकलाट होतो आणि दमलेले मूल अधिकच चिडते. गर्दी तर ताज्या अन्नासाठी हवी! यावर तोड अशी की गर्दी सुरू होतानाच, सात-साडेसातला जावे. तेव्हा स्वयंपाक नुकताच झालेला असतो, जागा कोपऱ्यात मिळते आणि मुलाची जेवणाची वेळही टळत नाही.

चौदा आकडी क्रमांक

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ साली झाला. त्यानुसार प्रत्येक हॉटेलाला परवाना घ्यावा लागतो किंवा नोंदणी करावी लागते. तिचा चौदा आकडी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असतो. २०२२ सालापासून तो बिलावरही छापणे बंधनकारक झाले. हा क्रमांक पाहण्याची सवय ठेवा. मात्र त्यावरून हॉटेलाची नोंद झाली आहे, एवढेच कळते. आजचे पातेले आज घासले की नाही, हे आपल्या डोळ्यांनीच पाहावे लागते.

इतके करूनही बाधले तर?

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी पाजण्यास सुरुवात केली. तेथे शंभरातील सुमारे तीस रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारापेक्षाही खाली आले. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते, हे त्यामागील तत्त्व.

म्हणून प्रवासाच्या पिशवीत ओआरएसची दोन पाकिटे असू द्या. ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे. बाटलीतील गोड शीतपेये देऊ नयेत. जास्त साखरेमुळे पाणी उलट आतड्यात ओढले जाते. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली एक लिटर गरम पाणी उंच, झाकणाच्या डब्यात आणि तेवढेच पाणी पसरट परातीत ओता. दोन्हींचे तापमान दर दहा मिनिटांनी तापमापकाने मोजून आलेख काढा. ६० अंशांवरून ४० अंशांवर यायला प्रत्येकाला किती वेळ लागला? उरलेले अन्न लवकर थंड करून शीतकपाटात ठेवायचे असेल, तर हॉटेलवाल्याने कोणते भांडे वापरावे? आणि वाढेपर्यंत गरम ठेवायचे असेल, तर कोणते?