उसना घेतलेला एक दहा कसा होतो?

तुमच्या घरी किंवा शेजारी दुसरी-तिसरीत शिकणारे एखादे मूल असेल, तर त्याला ४२ मधून १७ वजा करायला सांगा. कोणी २५ हे बरोबर उत्तर देईल. पण ३५ लिहिणारेही कोणी ना कोणी भेटेलच. हे ३५ आले कोठून? त्याने सातातून दोन वजा केले, पाच उरले. चारातून एक वजा केला, तीन उरले. दोन्ही वजाबाक्या अचूक आहेत! घोटाळा एवढाच, की त्याच्या लेखी ४२ ही एक संख्या नसून शेजारीशेजारी बसलेले दोन अनोळखी अंक आहेत. अशा मुलाला ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक उसना घे’ असे दहादा सांगून भागत नाही. शेजाऱ्याने एक दिला, तर आपल्या घरी येताच त्याचे दहा कसे होतात? मुलाची ही शंका अगदी रास्त आहे. (शिवाय हा उसना कधी परत करायचा, तेही कोणी सांगत नाही!)

याचे उत्तर खराट्यात आहे. खराट्याचे हीर काढून त्यांचे बोटभर लांबीचे तुकडे करा. सायकलच्या जुन्या ट्यूबचे बारीक गोल काप काढले, की फुकटात रबरी कडी तयार होतात. दहा काड्या मोजल्या, की त्यांची एक जुडी. दहा जुड्या झाल्या, की त्यांची एक मोळी. जुड्या मुलानेच बांधायच्या, आपण आयत्या बांधून द्यायच्या नाहीत. आता ४२ म्हणजे चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या. यातून १७ द्यायच्या आहेत. सुट्या सात हव्यात, पण आहेत दोनच. मूल क्षणभर थांबते आणि मग आपणहून एका जुडीचे रबर काढते. झाल्या सुट्या बारा! सात दिल्या, पाच राहिल्या. उरलेल्या तीन जुड्यांतून एक दिली, दोन राहिल्या. उसने कोणी घेतलेच नाही, फक्त जुडी सुटली.

पण काड्यांपाशीच थांबून चालणार नाही. जुडी हाताला जाड लागते, ती दहाची आहे हे डोळ्यांना दिसते. दहाची नोट मात्र एक रुपयाच्या नाण्याच्या दसपट मोठी नसते. तिची किंमत आपण मानलेली असते. म्हणून दुसरी पायरी खेळातल्या नोटांची. एक, दहा आणि शंभर लिहिलेले कागदाचे तुकडे पुरेत.

तिसरी पायरी मला स्वतःला सर्वांत आवडते. जुन्या चपलेच्या रबरी तळाचा तुकडा घेऊन त्यात सायकलचे तीन जुने स्पोक उभे खोचा. प्रत्येकावर बरोबर नऊच मणी मावतील इतकीच उंची ठेवून वरचा भाग कापा आणि टोके कानशीने घासून बोथट करा. मणी सगळे एकाच रंगाचे व आकाराचे घ्या. आता उजवीकडच्या तारेवर एकेक मणी घालत मोजू लागा. दहावा मणी तारेवर राहतच नाही! मग ते नऊही काढायचे आणि शेजारच्या तारेवर एकच मणी चढवायचा. हाच आपला ‘हातचा एक’. येथे मण्याचे रंगरूप काहीच सांगत नाही. त्याची किंमत ठरते ती केवळ जागेवरून. अंकांचेही तसेच आहे.

२०४ मांडून पाहा. मधली तार रिकामी आहे हे दिसतेच. कागदावर मात्र तार नसते. तेथे रिकामी जागा हरवते आणि २०४ चे २४ होतात. म्हणून रिकाम्या जागेलाही खूण हवी. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यात २७० आणि ५० या संख्या शून्यासह कोरलेल्या आजही पाहता येतात.

आपल्या मुलांपुढे आणखी एक अडचण असते, ती भाषेची. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना मात्र वीसचा दोन. म्हणून मुले ५२ लिहितात. एकोणतीस तर त्याहून चमत्कारिक: नावात तीस, लिहिताना दोन आणि नऊ! कन्नड किंवा तेलुगू मूल सरळ ‘वीस-पाच’ याच क्रमाने बोलते; जर्मन मूल आपल्यासारखेच उलटे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना त्यावर पुष्कळ खुलासे करावे लागले. मला वाटते, पंचवीस हे नाव ठेवावे. पण ते म्हणताना मुलाच्या हातात दोन जुड्या आणि पाच काड्या असाव्यात.

‘एकशे चार’ चे १००४ लिहिणाऱ्यांसाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या करा. शंभरची पट्टी तीन चौकोनांची, दहाची दोन, एककाची एका चौकोनाची. उजव्या कडा जुळवून चारची पट्टी शंभरवर ठेवा. शेवटचे शून्य झाकले जाते आणि १०४ दिसतात. चार उचलला, की खाली लपलेले शंभर पुन्हा पूर्ण!

हे सारे लहानांचे, असे समजू नका. ०.३५ मोठे की ०.४, असे विचारले तर कॉलेजात आलेले विद्यार्थीही कधीकधी ०.३५ म्हणतात, कारण चारापेक्षा पस्तीस मोठे! मीटरपट्टीवर पाहा: ०.३५ मीटर म्हणजे ३५ सेंटिमीटर, तर ०.४ मीटर म्हणजे ४०.

आणि दहाच का? आपल्या हातांची बोटे दहा आहेत, म्हणून. पाचपाचांच्या जुड्या आणि पाच जुड्यांची मोळी बांधून पाहा. ३८ काड्यांची एक मोळी, दोन जुड्या आणि तीन सुट्या होतील. म्हणजे लिहायचे १२३. आता ५० काड्या घेऊन बांधा आणि किती शून्ये लिहावी लागतात ते पाहा.