आजोबांचा पेंटॅक्स पुन्हा बाजारात येईल का?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा एसटीत शेजारच्याच्या मोबाइलचा आवाज आपल्या इअरफोनपेक्षा मोठा होता, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "काय म्हणतात ते" तेवढे गाळलेत. बाकी गप्पा त्याच.

या भागाची सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. ती आली पुणतांब्याहून. कोपरगाव आणि श्रीरामपूरच्या मधलं, गोदाकाठचं, चांगदेवांच्या समाधीचं पुणतांबा. पाठवणारा आपला एक श्रोता, कॉलेजात शिकतो. त्याच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट, सगळं तेच काढायचे. आजोबा आता नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या वरच्या फळीवर त्यांचा कॅमेरा सापडला. पेंटॅक्स के-१०००.

तो म्हणतो, "ताई, आम्ही चार मित्र रोज रात्री हाच विषय काढून बसतो. कंपनीने हा कॅमेरा परत काढला तर कसा असेल? बॉडी तीच, आवाज तोच, आत थोडं नवीन काहीतरी. काढतील का? आणि अजून एक. वरचा काऊंटर २२ वर आहे. आत रोल असेल का?"

दुसरा प्रश्न त्याने सहज विचारलाय, पण घाई त्याचीच आहे. म्हणून आधी तो.

मागचं झाकण उघडू नका

के-१००० चं मागचं झाकण उघडलं की काऊंटर आपोआप मागे जातो. म्हणजे तो २२ वर असेल, तर शेवटचं झाकण लागल्यापासून ते कोणी उघडलेलं नाही. आत रोल असण्याची बरीच शक्यता आहे. आणि असेल, तर त्यावर आजोबांनी काढलेले २०-२२ फोटो आहेत, जे अजून कोणीच पाहिलेले नाहीत. झाकण उघडलं तर उजेड लागून त्यातले कित्येक फोटो त्याच क्षणी जातील.

तपासायचं कसं? डाव्या हाताला वर एक छोटी घडीची मूठ असते, रोल मागे गुंडाळायची. ती बाणाच्या दिशेने अगदी हळू फिरवा. सैल फिरत राहिली, तर बहुतेक रोल नाही. ताण लागला, तर आहे. मग कॅमेऱ्याच्या तळाचं छोटं बटण दाबा आणि मूठ सावकाश फिरवत राहा. ताण एकदम सुटला की फिल्म पूर्ण आपल्या डबीत गेली. तरीही थोडे जास्तीचे फेरे मारा आणि मगच झाकण उघडा. जोर लावावा लागतोय असं वाटलं, तर थांबा. कोरडी पडलेली जुनी फिल्म तुटू शकते. तसा कॅमेरा आहे तसाच जाणकाराकडे द्या, तो अंधारात रोल काढेल.

पेंटॅक्स परत येईल का, याचं अर्धं उत्तर या रोलमध्येच आहे. ते पुढे कळेल.

कॅमेरा एकटा नसतो

आपण "कॅमेरा" म्हणतो तेव्हा डोळ्यापुढे ती धातूची पेटी येते. पण पेटी हा एका मोठ्या साखळीचा एक दुवा. बॉडी, तिला बसणाऱ्या लेन्स, आत जाणारी फिल्म, फिल्म धुणारी रसायनं, ती चालवणारी लॅब आणि कॅमेरा अडकला की खोलून नीट करणारा माणूस. ही सगळी मिळून झाली सिस्टिम.

पुणतांबेकरांना हे वेगळं सांगायला नको. त्यांचं स्टेशन जंक्शन आहे, दौंड-मनमाड मार्गावरून शिर्डीचा फाटा तिथूनच फुटतो. उद्या कोणी चकचकीत इंजिन आणून उभं केलं, पण पुढे रूळच नसले, तर त्या इंजिनासोबत सेल्फी काढता येईल, शिर्डीला जाता येणार नाही.

आता या साखळीत के-१००० कुठे बसतो ते बघू. पेंटॅक्सने १९७५ मध्ये लेन्स बसवायची नवी पद्धत आणली, तिला के-माउंट म्हणतात. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, त्या मालिकेतला सगळ्यात साधा कॅमेरा म्हणून के-१००० आला आणि तो १९९७ पर्यंत बनत राहिला. ऑटोफोकस नाही, स्वयंचलित काही नाही. शटरचा वेग तुम्ही ठरवायचा, फोकस तुम्ही करायचा. बटण सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यासाठी, आणि तो सेल घड्याळजीकडेही मिळतो. सेल संपला तरी शटर चालतं, कारण ते चालतं स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर. एक टीप: या कॅमेऱ्याला ऑन-ऑफ स्विच नाही. वापरून झालं की लेन्सला टोपी लावा, नाहीतर सेल उतरतो.

गंमत म्हणजे आजोबांच्या कॅमेऱ्याची ती ५० मिलिमीटरची लेन्स पेंटॅक्सच्या आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावरही बसते. फोकस मात्र हाताने करावा लागतो. लेन्सचा दुवा अजून शाबूत आहे. मग बॉडीचं काय?

"तोच कॅमेरा परत काढा की!"

पेंटॅक्स हा ब्रँड आता रिको या जपानी कंपनीकडे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये रिकोने जाहीर केलं की आम्ही पुन्हा फिल्म कॅमेरा बनवण्याच्या प्रयत्नाला लागलोय. जगभरच्या शौकिनांनी लगेच आपापली स्वप्नं मांडली. कोणाला के-१००० जसाच्या तसा हवा होता, कोणाला त्याहून लहान, कोणाला आत आधुनिक मीटर.

मग अडचणी दिसायला लागल्या. वाटतं, जुने नकाशे काढायचे आणि मशीनवर टाकायचे. पण दोन फोटोंच्या मधे फिल्म बरोबर एक घर पुढे सरकवणारा तो लिव्हर घ्या. दाबाल तितकाच ताण, ना कमी ना जास्त, हजारो वेळा. हे सगळं नकाशात येत नाही. कुठली स्प्रिंग किती कडक, कुठलं चाक कशावर घासतं, हे बनवणाऱ्याच्या हाताला माहीत असतं. कंपनीच्या तरुण इंजिनियरांनी असं काही कधी बनवलेलंच नव्हतं. म्हणून निवृत्त झालेल्या जुन्या इंजिनियरांना गाठून विचारावं लागलं.

शेवटी २०२४ मध्ये कॅमेरा आला, पेंटॅक्स १७. लिव्हर हाताने ओढायचा, ते राखलं. पण तो के-१००० नव्हता. लेन्स कायमची बसवलेली, बदलता येत नाही. शिवाय तो अर्ध्या फ्रेमचा, म्हणजे नेहमीच्या एका फोटोच्या जागेत दोन फोटो. ३६ च्या रोलमध्ये ७२ निघतात. फिल्म महाग झाल्यावर हा हिशेब कळण्यासारखा आहे. आणि कॅमेरा सरळ धरला की फोटो उभा येतो, आपल्या मोबाइलसारखा. तुमच्याच पिढीला डोळ्यापुढे ठेवून केलेला आहे तो. अमेरिकेत त्याची किंमत होती जवळपास ५०० डॉलर.

मग लायकाने २०२२ मध्ये आपला जुना एम-६ परत कसा काढला? मूळ एम-६ आला १९८४ मध्ये आणि २००२ च्या सुमारास थांबला. पण लायकाने फिल्म कॅमेरे बनवणं कधी पूर्ण बंद केलंच नव्हतं. एम-६ नंतर त्यांचा एमपी चालूच होता. हात, हत्यारं, सुटे भाग, सगळं वापरात होतं. पेंटॅक्सला तुटलेला धागा शोधून गाठ मारावी लागली, लायकाचा धागा तुटलाच नव्हता.

चार मित्रांपैकी एकाची कल्पना अशी, की रोलच्या जागी डिजिटल रोल बसवायचा. मित्रा, ही कल्पना तुझ्याही आधीची आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी सिलिकॉन फिल्म नावाच्या कंपनीने असाच रोल जाहीर केला होता. तो बाजारात पोचायच्या आतच, २००१ मध्ये, कंपनीने काम थांबवलं. डबीएवढ्या जागेत बॅटरी आणि सगळी इलेक्ट्रॉनिक्स कोंबायची, आणि सेन्सर बरोबर फिल्मच्याच पातळीवर बसवायचा, हे वाटतं तितकं सोपं नाही.

खरी गाठ फिल्मची

समजा उद्या के-१००० जसाच्या तसा आला. त्यात घालायचं काय?

रंगीत फिल्म दिसायला प्लास्टिकची पट्टी. पण तिच्यावर जिलेटिन, चांदीचे क्षार आणि रंगाची रसायनं यांचे डझनभराहून जास्त थर असतात, आणि ते मिट्ट काळोखात, एकसारखे चढवावे लागतात. हे काम करणारे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

एखादी फिल्म गेली की काय होतं, याचं उदाहरण कोडाक्रोम. कोडॅकने ती २००९ मध्ये बंद केली. शेवटून निघालेला एक रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला. त्यांनी त्यावर न्यूयॉर्कमध्ये फोटो काढले, आपल्या मुंबईतल्या सिनेकलाकारांचे काढले, राजस्थानातल्या रबारी लोकांचे काढले. ती फिल्म धुणारी जगातली शेवटची लॅब होती अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात. डिसेंबर २०१० च्या शेवटी तिनेही हे काम थांबवलं. या फिल्मचे रंग धुतानाच भरले जायचे, त्यामुळे आज कोडाक्रोमचा जुना रोल सापडला तर तो फार तर कृष्णधवल धुता येतो. कॅमेरे ठणठणीत आहेत, पण ते रंग गेले.

उलटं उदाहरण पोलरॉइडचं. २००८ मध्ये कंपनीने झटपट फोटोची फिल्म बंद केली. काही वेड्या माणसांनी नेदरलँड्समधल्या एन्स्केडे गावातल्या शेवटच्या कारखान्याची यंत्रं घेतली आणि आपल्या प्रकल्पाचं नाव ठेवलं "इम्पॉसिबल". यंत्रं होती, पण जुनी रसायनं मिळेनात. कृती नव्याने बसवावी लागली. २०१० मध्ये त्यांची पहिली फिल्म आली, आणि २०१७ मध्ये तर पोलरॉइडचं नावच त्यांच्याकडे आलं. त्यांनी आधी फिल्म जगवली, नवे कॅमेरे त्यानंतर आले.

हे आपल्याकडे आधीच घडून गेलंय

ही गाठ महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी पाहिलेली आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. कच्ची फिल्मही परदेशीच. तिच्या कडेची भोकंसुद्धा घरी पाडावी लागत, आणि रात्रीच्या अंधारात बसून ते काम सरस्वतीबाई फाळके करायच्या.

पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी ठरवलं की कॅमेरा आपणच बनवायचा. सोबतीला विष्णुपंत दामले, जे पुढे प्रभातच्या संस्थापकांपैकी एक झाले. १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा तयार झाला आणि १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. विचार करा, इंटरनेट नाही, व्हिडिओ बघून शिकायची सोय नाही, आणि माणसांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला. पण त्यात घालायची फिल्म? ती बाहेरूनच येत राहिली.

देशात फिल्म बनवण्यासाठी १९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिच्या मालाचं नाव इंदू. आजोबांच्या वयाच्या फोटोग्राफरांना 'इंदू'चा कृष्णधवल रोल विचारा, लगेच आठवेल. ती कंपनीही पुढे आजारी पडली आणि बंद झाली. म्हणजे बॉडी कोल्हापुरात घडली, पण फिल्मचा दुवा आपण मोठ्या कष्टाने जोडला आणि तो निसटला.

तर मग उत्तर काय?

के-१००० जसाच्या तसा परत येईल, असं मला वाटत नाही. तुमचं स्वप्न चुकीचं आहे असं अजिबात नाही. अशा स्वप्नांच्या रेट्यानेच पेंटॅक्स १७ आला. पण तुमच्या हातातला कॅमेरा अजून गेलेलाच नाही, मग त्याला परत आणायचं कशाला? वर्षानुवर्षं पडून असलेल्या कॅमेऱ्याचं दुखणं बहुधा ठरलेलं असतं. आतलं ग्रीस घट्ट होतं, शटर संथ चालतं, झाकणाच्या कडेचा काळा फोम चिकट होऊन कुजतो आणि तिथून उजेड आत शिरतो. हे दुरुस्त होण्यासारखं आहे. फक्त स्वतः तेल सोडू नका, ते शटरच्या पडद्यावर पसरलं की संपलं.

साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा आज तोच आहे, दुरुस्त करणारा माणूस. पुण्या-मुंबईत असे कारागीर आहेत, पण बरेच जण साठीच्या पुढचे. चार मित्रांपैकी एकाने जरी अशा कोणाजवळ बसून शटर खोलायला शिकून घेतलं, तरी ते मोठं काम होईल. पेंटॅक्सलाही शेवटी हेच करावं लागलं, जुन्या माणसांजवळ जाऊन बसावं लागलं.

आणि आता तो रोल. डबीवर "सी-४१" असं लिहिलेलं असेल तर नशीब चांगलं. ही रंगीत निगेटिव्ह धुवायची पद्धत १९७२ पासूनची आहे आणि आजही चालू आहे. आधी रोल हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, कारण उष्णता आणि दमट हवा फोटो पुसत जातात. लॅबला देताना रोल खूप जुना आहे हे आवर्जून सांगा. रंग उडालेले असतील, धुरकट येईल, काही घरं कोरीही निघतील. रंगाची आशा नसेल, तर तोच रोल कृष्णधवल रसायनात धुता येतो, निदान चेहरे तरी मिळतात. आणि हे लांबणीवर टाकू नका. रसायनं आणि लॅब आहेत तोवरच हे जमणार आहे.

भाग रेकॉर्ड झाल्यावर त्या श्रोत्याचा मेसेज आला. मुठीला ताण होता, मग सुटला. रोल निघाला, सी-४१ आहे. सध्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी ठेवलाय, आणि आईने त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: "हात लावू नये."

तुमच्या गावात, तालुक्यात जुने कॅमेरे दुरुस्त करणारं कोणी असेल, तर त्यांना विचारून आम्हाला कळवा. आणि घरात जुना कॅमेरा असेल, तर झाकण उघडण्याआधी ती मूठ एकदा फिरवून बघा. भेटू पुढच्या भागात!