दस्ता कोणाच्या मापाचा?

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातला फोटो घेऊन नेरळच्या आमच्या शाळेतली काही मुले आमच्याकडे आली. त्यांचा प्रश्न पदकाबद्दल नव्हता. ‘‘ही बंदूक अशी कशी? हिला इतके स्क्रू, पट्ट्या आणि आकडे कशाला?’’

मुलांच्या मनातली बंदूक म्हणजे सिनेमातली, नाहीतर एखाद्या जुन्या घरात भिंतीवर टांगलेली शिकारी रायफल. पोलादी नळी आणि तिच्याखाली एकसंध, गुळगुळीत लाकूड. या लाकडाला दस्ता म्हणतात. फोटोतल्या रायफलचा दस्ता मात्र दहा तुकडे जोडून केल्यासारखा दिसत होता. प्रश्न चांगला होता. उत्तर शोधताना आठवी-नववीच्या विज्ञानाचे बरेच धडे हाताशी आले, म्हणून ते इथे मांडत आहोत.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यांमुळे हौसेची शिकार बंद झाली. ते योग्यच झाले. पण शिकारी रायफल अंगाच्या मापाने घडवण्याची विद्या नेमबाजीच्या खेळात टिकून राहिली आणि वाढली. आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलला, ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांच्या ‘लक्ष्य’ क्लबमध्ये मुलेमुली हा खेळ शिकतात. पुढचे कोणतेही प्रयोग करायला मात्र बंदूक लागत नाही.

डोळा, माशी आणि लक्ष्य

दस्त्याची कामे तीन. नळीला घट्ट धरून ठेवणे, गोळी सुटताना बसणारा धक्का खांद्याकडे पोचवणे, आणि नेम धरणाऱ्याचा डोळा दर वेळी नेमक्या त्याच जागी आणणे. तिसरे काम सर्वांत नाजूक आहे.

नळीच्या पुढच्या टोकाला नेम धरण्याची खूण असते, तिला माशी म्हणतात. डोळ्याजवळ एक बारीक छिद्र असते. छिद्र, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आले पाहिजेत. छिद्र आणि माशी यांच्यात ८० सेंटीमीटर अंतर आहे असे समजू. लक्ष्य ५० मीटरवर आहे, म्हणजे साडेबासष्टपट लांब. समरूप त्रिकोण आठवा. माशी जुळवताना ०.२ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या दोन कागदांच्या जाडीएवढी चूक झाली, तर लक्ष्यावर गोळी १२.५ मिलिमीटर बाजूला पडेल. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर! दहा गुण हुकलेच.

म्हणून गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकला पाहिजे. प्रत्येकाच्या गालाचे हाड, मानेची लांबी, खांद्याची रुंदी वेगळी. फोटोत दिसणारी, वरखाली होणारी पट्टी गाल टेकवण्यासाठी आहे. जुन्या शिकारी रायफलवर दुर्बीण बसवली की हाच प्रश्न येतो. दुर्बीण नळीच्या वर असते, त्यामुळे डोळाही वर न्यावा लागतो आणि गाल लाकडावरून सुटतो. मग मान अधांतरी ताणली जाते. दुर्बीण कितीही महाग असली, तरी गालाखालचा आधार उंच केल्याशिवाय तिचा पुरता उपयोग होत नाही.

दस्त्याची लांबीही अशीच अंगाबरोबर बदलते. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे मागचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवावे आणि बोट चापावर पोचते का ते पाहावे, असा एक ढोबळ आडाखा आहे. पण तो ढोबळच. मान लांब असली किंवा अंगात जाड जाकीट असले की माप बदलते. लंडनचे जुने बंदूक-कारागीर तर गिऱ्हाइकाच्या हाती सांधे असलेली एक नमुना-बंदूक देत, ते सांधे फिरवून अंगाचे माप घेत आणि मग अक्रोडाच्या लाकडातून दस्ता कोरत. शिंप्याकडे सदरा शिवायला टाकावा तसेच हे. डावखुऱ्या माणसासाठी सगळे उलट्या बाजूने करावे लागे.

कुसाळेच्या स्पर्धेत तर एकाच माणसाला एका गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत नेम धरावा लागतो. स्थिती बदलली की खांदा, मान आणि डोळा यांची परस्परांतली अंतरेही बदलतात. म्हणून नेमबाज मध्येच थांबून गालाची पट्टी, खांद्याचा आकडा आणि हाताचा टेकू पुन्हा जुळवतो. माणूस एकच, पण मापे तीन. मुलांना दिसलेले स्क्रू यासाठी होते.

धक्क्याचे गणित

न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना आपण बंदुकीचे उदाहरण देतो आणि पुढे जातो. ते पुरे करून पाहू. शिकारी रायफलची १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली, तर तिचा संवेग ०.०१ × ८०० म्हणजे ८ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. दारूच्या वायूंचा वाटा सोडून दिला, तर ४ किलोग्रॅमची रायफल सेकंदाला २ मीटर वेगाने मागे येईल. संवेग दोघांचा सारखा, पण ऊर्जा पाहा: गोळीची ३२०० ज्यूल आणि रायफलीची फक्त ८ ज्यूल. मारणारा खांदा घेऊन सुखरूप उभा राहतो तो या फरकामुळे.

हे ८ ज्यूल खांद्याने १ सेंटीमीटर अंतरात अडवले, तर सरासरी बल ८०० न्यूटन होते. दस्त्याच्या टोकाला रबराची गादी लावली आणि थांबण्याचे अंतर २ सेंटीमीटर झाले, तर बल निम्मे, ४०० न्यूटन. क्रिकेटचा झेल घेताना आपण हात मागे ओढतो, त्याचे कारण हेच. मात्र गादी चिकटवली की दस्ता तेवढा लांब होतो. मग तेवढे लाकूड कापून टाकावे लागते. जोडलेली प्रत्येक वस्तू दुसरे काहीतरी बदलते, हे इथे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे.

पावसाळ्यात दार का अडकते?

जूनमध्ये माथेरानच्या डोंगरावर पाऊस धरला की खाली नेरळमधल्या जुन्या घरांची दारे चौकटीत अडकू लागतात. घाई करून कोणी त्यांना रंधा मारला, तर दिवाळीनंतर तिथे बोटभर फट दिसते. लाकडाचे तंतू हवेतली वाफ शोषून फुगतात. हे फुगणे सगळ्या दिशांना सारखे नसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते नगण्य असते, आडव्या दिशेने कित्येक पटींनी जास्त. म्हणून दार रुंदीत अडकते, उंचीत सहसा नाही.

रायफलचा दस्ताही लाकूडच. पावसाळ्यात तो फुगला किंवा किंचित पिळवटला, तर पुढच्या बाजूला नळीला एका अंगाने रेटतो. गोळी सुटताना नळी तारेसारखी थरथरते. तिला कुठून आणि किती रेटा आहे यावर ती थरथर अवलंबून असते, आणि गोळी कुठे पडणार हेही. उन्हाळ्यात अचूक जुळवलेली रायफल श्रावणात भलतीकडेच मारते, ती अशी.

यावर कारागिरांनी उपाय शोधले. नळी फक्त मागच्या पोलादी भागाशी पक्की करायची आणि पुढे नळी व लाकूड यांमध्ये कागद सरकेल इतकी फट ठेवायची. पोलाद जिथे लाकडात बसते, तिथे इपॉक्सीचा थर द्यायचा, म्हणजे बैठक हलत नाही. क्रिकेटच्या बॅटला लावतो ते जवसाचे तेल दस्त्यालाही लावत, पण तेलाने वाफेचे जाणे-येणे मंदावते, थांबत नाही. पुढे लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेले दस्ते आले, मग ॲल्युमिनियमचे. फोटोतल्या दस्त्याचे धातूचे अंग मुलांना परके वाटले. आषाढात अडकलेले दार आठवल्यावर ते परके राहिले नाही.

वर्गात प्रयोग सोपा आहे. सागाच्या किंवा आंब्याच्या फळीचा हातभर तुकडा घ्या. लांबी आणि रुंदी मोजा, रुंदीसाठी व्हर्नियर वापरा. दोन दिवस पाण्यात बुडवून पुन्हा मोजा. शेकडा वाढ दोन्ही दिशांची वेगवेगळी काढा.

वजन कुठे टांगायचे?

फोटोतल्या रायफलवर छोटी वजनेही होती. ५० मीटरच्या रायफलचे वजन ८ किलोग्रॅमपर्यंत चालते. मग कोणी मुद्दाम वजन का वाढवील? लाकडी फूटपट्टी घ्या. मध्यावर मातीचे दोन गोळे चिकटवा आणि पट्टी मध्ये धरून मनगटाने झटपट डावी-उजवीकडे फिरवा. आता तेच गोळे दोन टोकांना लावा आणि पुन्हा फिरवा. वजन तेवढेच, पण पट्टी आता चटकन वळत नाही. नेमबाजाला हेच हवे असते: श्वासाने, नाडीच्या ठोक्याने नळी सहज हलू नये. मात्र पुढे वजन वाढवले की सी-सॉप्रमाणे तोल पुढे झुकतो आणि हात लवकर थकतो. मग मागेही थोडे वजन द्यावे लागते.

आणि आपले बाक?

हे सगळे सांगून झाल्यावर एक डावखुरी मुलगी म्हणाली, ‘‘बंदुकीला इतके स्क्रू आहेत, आमच्या बाकांना एकही नाही.’’ आम्ही गप्प झालो. एका पदकासाठी माणसाच्या गालाचे माप मिलिमीटरपर्यंत घेतले जाते. पाचवीपासून दहावीपर्यंतची मुले मात्र दिवसाचे पाच-सहा तास एकाच उंचीच्या बाकावर बसतात.

दुसऱ्या आठवड्यात वर्गाने मापे घेतली. बसल्यावर गुडघ्यामागून जमिनीपर्यंतचे अंतर आणि बाकाची उंची यांची तुलना केली. पाय जमिनीला पूर्ण टेकावेत आणि लिहिताना खांदे वर उचलावे लागू नयेत, एवढ्या दोनच कसोट्या लावल्या. लहान मुलांचे पाय लोंबकळत होते, उंच मुले वाकून लिहीत होती. नवे बाक काही आले नाहीत. पण लहान मुलांच्या पायाखाली फळ्या आल्या, उंच मुले मागच्या उंच बाकांवर गेली आणि डावखुरी मुले बाकाच्या डाव्या टोकाला बसू लागली, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी रोजची टक्कर थांबली.

आपल्या वर्गातही एक तास यासाठी काढून पाहावा. मोजपट्टी आणि आलेखाचा कागद एवढेच लागते.